किरणोत्सव: तीन दिवस, पाच दिवस आणि ‘पूर्ण’ हा शब्द

९, १०, ११ नोव्हेंबर आणि मग ३१ जानेवारी, १ व २ फेब्रुवारी. जुन्या कोल्हापूरकरांना या तारखा पाठ असतात. अंबाबाईच्या देवळातलं नवरात्र असो की रथोत्सव, सगळं तिथीनं येतं. किरणोत्सव, म्हणजे मावळतीची किरणं थेट गाभाऱ्यातल्या देवीच्या मूर्तीवर पडण्याचे दिवस, तेवढा इंग्रजी तारखेनं, कारण त्याचा हिशेब चंद्राशी नाही, सूर्याशी आहे. डिसेंबरच्या २१-२२ तारखेला सूर्य दक्षिणेच्या टोकाला पोचतो. त्याआधी सुमारे एक्केचाळीस दिवस आणि त्यानंतर जवळपास तितक्याच दिवसांनी तो क्षितिजावर त्याच जागी मावळतो. जाताना एकदा, परतताना एकदा. थंडी सुरू होताना आणि सरताना मावळतीचं ऊन देवीच्या भेटीला येतं, असं आमच्याकडची म्हातारी माणसं म्हणत. मला त्याहून चांगलं सांगता येत नाही.

देऊळ चालुक्यांच्या काळातलं मानलं जातं, शिलाहारांनी त्यात भर घातली. धामधुमीच्या काळात लपवून ठेवलेली मूर्ती १७१५ च्या विजयादशमीला पुन्हा बसवली. गरुड मंडप त्यानंतरचा, एकोणिसाव्या शतकातला. महाद्वाराच्या, म्हणजे पश्चिमेच्या मुख्य दरवाजाच्या, आतल्या बाजूला एवढा लाकडी मंडप उभा राहिला, तरी मधली वाट मोकळी राहिली, म्हणूनच आजही किरणं आत येतात.

खरी गुंतागुंत गेल्या काही दशकांतली आहे. महाद्वाराबाहेर, समोरच्या बाजूला वस्ती वाढली, मजले चढले, गच्चीवर टाक्या बसल्या, फलक आणि केबली लोंबू लागल्या. सूर्य क्षितिजाला टेकत आला की किरणं जवळजवळ आडवी होतात आणि त्यावेळी एखादी टाकीसुद्धा आड येते. मग पाहण्या झाल्या, मोजमापं झाली, अडथळ्यांच्या याद्या निघाल्या. काही अडथळे काढले गेले, काही अजून आहेत. नोव्हेंबरात भर म्हणून ढग, हवेतला दमटपणा आणि धूळ.

याच काळात ‘पूर्ण’ किरणोत्सव हा शब्द रुळला. पहिल्या दिवशी चरण, दुसऱ्या दिवशी छाती, तिसऱ्या दिवशी चेहरा, अशी परंपरेनं सांगितलेली चढण. किरणं गुडघ्यापर्यंत येऊन विरली की दुसऱ्या दिवशी बातमी येते, ‘किरणोत्सव अपूर्ण’. कधी तर ‘किरणोत्सव झालाच नाही’. मग अलीकडे अभ्यासकांच्या निरीक्षणांवरून तीनाचे पाच दिवस धरले जाऊ लागले, आधीचा एक आणि नंतरचा एक. यावर गावात दोन मतं पडली. एका मतानं परंपरेचे तीन दिवस तीनच राहावेत, ते वाढवणं म्हणजे अडथळ्यांपुढे हात टेकणं. दुसऱ्या मतानं सूर्य काही दिनदर्शिका बघून मावळत नाही. मला दुसरं म्हणणं पटतं. या दिवसांत सूर्य रोज पाव अंशाहून थोडा जास्त सरकतो आणि त्याचं बिंब असतं सुमारे अर्ध्या अंशाचं. म्हणजे आज आणि उद्या यांत बिंबाच्या निम्म्याहून थोडाच अधिक फरक. तीन दिवसांच्या आगेमागे किरणं आत येणारच, ती मोजली तर बिघडलं काय? मात्र पाच दिवस केले म्हणून अडथळे काढायची निकड संपली, असा अर्थ कुणी काढला तर त्याला विरोध व्हायलाच हवा.

‘उत्सव’ म्हणावं असं त्यात फारसं काही नसतं, हेही सांगायला हवं. पालखी नाही, मिरवणूक नाही. नोव्हेंबरात साडेपाचनंतर आणि फेब्रुवारीत सहानंतर लोक दाटीनं उभे राहतात. गाभाऱ्यातले दिवे घालवतात. आधी महाद्वारातून एक तांबूस पट्टा आत सरकतो, मग गरुड मंडप, गणपती चौक, कासव चौक. पितळी उंबऱ्यावर आला की उंबरा क्षणभर पेटल्यासारखा दिसतो. तिथून पुढे कुणी मोठ्यानं बोलत नाही. सूर्य जसजसा खाली जातो तसतसा पट्टा वर चढतो आणि चढता चढता फिका होतो. मी लहानपणी आईच्या खांद्यावरून पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा मला देवी दिसलीच नव्हती. फक्त पायांवरची ती तांबडी बोटभर ओळ दिसली होती आणि शेजारच्या बाईंनी पुटपुटलेलं ऐकू आलं होतं, ‘आली गं, पायाशी आली.’

त्या दिवशी किरणं कमरेच्या वर गेली नाहीत. दिवे लागले, घंटा वाजली, आरती झाली. बाहेर पडताना आईनं चपला शोधत एवढंच म्हटलं, ‘आता फेब्रुवारीत येऊ.’