रेडिओलॉजी: आधी अचूकता, मग घड्याळ

रेडिओलॉजी विभागाचं, म्हणजे एक्स-रे, सीटी काढून वाचणाऱ्या विभागाचं, कसं चाललंय असं विचारलं, की उत्तर बहुधा तासा-मिनिटांत मिळतं. सीटीचा रिपोर्ट इतक्या वेळात, एक्स-रेचा इतक्या. पण पहिली शंका आली होती ती अचूकतेबद्दल.

1940 च्या दशकात क्षयरोग हुडकण्यासाठी छातीचे एक्स-रे सरसकट काढले जात. मोठी महाग फिल्मच हवी, की छोटी स्वस्त चालेल, हे ठरवायला अमेरिकेत अभ्यास झाला. तो 1947 मध्ये प्रसिद्ध झाला. 1,256 माणसं, प्रत्येकाची चार पद्धतींनी घेतलेली छबी, वाचणारे पाच जण. फिल्मफिल्ममधला फरक किरकोळ निघाला. वाचणाऱ्यांमधला त्याहून मोठा. वर तीच फिल्म पुन्हा समोर ठेवली, तर वाचणाऱ्याचं स्वतःच्याच आधीच्या मताशी जुळेना! 1949 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोचे रेडिओलॉजिस्ट एल. हेन्री गार्लंड यांनी हेच लावून धरलं: आजाराची खूण असलेल्या छातीच्या फिल्मपैकी सुमारे 30 टक्के जाणकारांच्याही नजरेतून सुटतात.

घाई तेव्हाही होती. तातडीचा रुग्ण असला की फिल्म वाळायची वाट न पाहता ओलीच प्रकाशासमोर धरून वाचत. फक्त त्या घाईची नोंद कुठे होत नसे. नोंद सुरू झाली ती संगणकामुळे. तपासणी मागितली कधी, झाली कधी, रिपोर्टवर सही पडली कधी, यांचे शिक्के आपोआप उमटू लागले आणि वेळ मोजणं फुकटात पडलं. 1996 नंतर पक्षाघाताच्या उपचाराने त्याला धार आली: रक्ताची गुठळी विरघळवणारं औषध ठरावीक तासांतच देता येतं, म्हणून रुग्ण दारात आल्यापासून 25 मिनिटांत सीटी आणि 45 मिनिटांत तिचं वाचन, असं लक्ष्य अमेरिकेत ठरलं. इथे मिनिटांना अर्थ आहे. गुडघ्याच्या जुन्या दुखण्याला तोच हिशेब लावला, की मात्र गंमत होते.

अचूकता अशी आपोआप मोजता येत नाही. 2002 मध्ये अमेरिकन कॉलेज ऑफ रेडिओलॉजी या रेडिओलॉजिस्टांच्या संघटनेने ‘रॅडपीअर’ ही रिपोर्ट पडताळायची पद्धत सुरू केली: नवी तपासणी वाचताना जुनी शेजारी असतेच, तर जुन्या रिपोर्टलाही श्रेणी द्यायची. कल्पना सुटसुटीत, पण सहकाऱ्यानेच सहकाऱ्याला गुण द्यायचे, त्यामुळे हात सैल राहणारच.

वेळेच्या सरासरीतही एक खोच आहे. रिपोर्टच न झालेल्या फिल्मला ‘रिपोर्टला लागलेला वेळ’ नसतो, त्यामुळे ती हिशेबात येतच नाही. इंग्लंडमध्ये पोर्टस्मथला छातीचे हजारो एक्स-रे रेडिओलॉजिस्टच्या वाचनाविना राहिल्याचं 2017 मध्ये उघड झालं. मग केअर क्वालिटी कमिशनने, म्हणजे तिथल्या आरोग्यसेवांवर देखरेख ठेवणाऱ्या संस्थेने, देशभर पाहणी केली. 2018 च्या त्या अहवालानुसार आपत्कालीन विभागाच्या तपासण्यांच्या रिपोर्टसाठी एका ठिकाणी मुदत तासाभराची होती, तर दुसऱ्या ठिकाणी कामाचे दोन दिवस.