चौकट की चौरस?

भाची तिसरीत आहे. परवा तिला वहीतल्या आकृत्यांना नावं द्यायची होती. आयत, त्रिकोण, वर्तुळ भराभर लिहून झालं आणि एका आकृतीशी पेन्सिल अडली. होता चौरसच, फक्त एका टोकावर उभा केलेला. थोडा वेळ पेन्सिलचं बूड चावून तिनं लिहिलं, ‘चौकट’. पत्त्यांतली चौकट.

मी वही थोडी फिरवली. ‘‘आता काय आहे?’’

‘‘चौरस.’’

वही पुन्हा सरळ केली. ‘‘आणि आता?’’

‘‘मामा, आता परत चौकट झाली ना!’’

हसू आलं, पण चूक साधी नाही. एर्न्स्ट माख हा ऑस्ट्रियाचा मोठा पदार्थवैज्ञानिक. विमानाचा वेग आवाजाच्या किती पट हे सांगणारा ‘माख’ आकडा ज्याच्या नावावरून पडला, तोच. एकोणिसाव्या शतकात त्यानं नेमकी हीच गोष्ट नोंदवून ठेवली आहे : चौरस 45 अंशांनी फिरवला की तो डोळ्यांना वेगळाच आकार वाटतो. बाजू त्याच, कोन तेच, तरी पाहणाऱ्याच्या मनात त्याचं नाव बदलतं. आपला डोळा वर-खाली आणि डावं-उजवं या दोन दिशांना इतका बांधलेला असतो, की आकृती त्यांच्याशी कशी उभी आहे हेही तो आकृतीचाच गुण समजतो.

मुलं आकार ओळखायला कशी शिकतात याचा पाया पीएर व्हॅन हीले आणि डिना व्हॅन हीले-गेल्डॉफ या डच शिक्षक दांपत्यानं घातला. 1957 मध्ये उट्रेख्ट विद्यापीठात दोघांनी आपापले प्रबंध मांडले. त्यांचं म्हणणं असं, की पहिल्या पायरीवर मूल आकार चेहऱ्यासारखा ओळखतं. दारासारखा दिसतो तो आयत, भाकरीसारखं दिसतं ते वर्तुळ. पुढच्या पायरीवर ते गुण मोजू लागतं : चार बाजू सारख्या, चार काटकोन. त्याच्याही पुढे गेल्यावर एका गुणातून दुसरा कसा निघतो आणि एक आकार दुसऱ्याच्या पोटात कसा बसतो, हे कळू लागतं. वय वाढलं म्हणून पायरी आपोआप चढली जात नाही, त्यासाठी तसं शिकवावं लागतं. मला तर वाटतं, आपल्यापैकी निम्मे लोक पहिल्याच पायरीवर संसार उरकतात. पटत नसेल तर कुणालाही उलटा, लांबुळका, सुरीसारखा त्रिकोण काढून दाखवा. ‘‘हा त्रिकोण? हं... आहे तसा,’’ असं अडखळत उत्तर येईल.

आमचं घर सोलापुरात पूर्व भागात. इथं नावांची आणखी एक गंमत असते. शेजारी तेलुगू आजोबा राहतात, त्यांना सगळी गल्ली तातय्या म्हणते. त्यांची हयात चादरीच्या मागावर गेली. वहीवरचा आमचा वाद ऐकून ते म्हणाले, त्यांच्या शाळेत आयताला दीर्घचतुरस्रं म्हणायचे आणि त्रिकोणाला त्रिभुजं. समोरच्या कन्नड घरात चौरसाला चौक म्हणतात, वर्तुळाला वृत्त. वर्तुळाला वृत्त म्हटलेलं ऐकून भाचीला आधी बातम्या आठवल्या.

आता हे शब्द शेजारी शेजारी ठेवून बघा. मराठी ‘त्रिकोण’ म्हणते तेव्हा ती कोपरे मोजते. तेलुगू ‘त्रिभुज’ म्हणते तेव्हा बाजू मोजते. आकृती एकच, पण नाव ठेवणाऱ्याची नजर कुठं पडली ते नावात उमटलंय. ‘आयत’ हा संस्कृत शब्द, अर्थ ताणलेला, लांब. म्हणजे तिथं नजर पडली ती लांबीवर. आणि ‘चौरस’? तो ‘चतुरस्र’वरून आला. अस्र म्हणजे कोपरा. तेव्हा मुळात चौरस म्हणजेही चार कोपऱ्यांचा आणि चौकोन म्हणजेही चार कोपऱ्यांचा! चारही बाजू सारख्या हव्यात ही अट शब्दात कुठंच नाही, ती आपण वापरातून त्याच्यावर लादली. जुने लोक इथं जास्त काटेकोर होते. बौधायनाच्या शुल्बसूत्रात चौरसाला ‘समचतुरश्र’ आणि आयताला ‘दीर्घचतुरश्र’ म्हटलंय. अडीच हजार वर्षांपेक्षा जुना तो शब्द तातय्या शाळेत शिकले. आम्ही मराठीवाले तो कुठं टाकून आलो, कोण जाणे.

शुल्ब म्हणजे दोरी. यज्ञाच्या वेदी आखायला खुंट्या ठोकून दोरी ताणायची, त्या कामाचे नियम म्हणजे शुल्बसूत्रं. पायथागोरसाच्या नावानं आपण शिकतो ते प्रमेयही तिथं दोरीच्याच भाषेत आहे : आयताच्या कर्णावर ताणलेली दोरी जेवढा चौरस करते, तेवढाच लांबीची आणि रुंदीची दोरी मिळून करतात. घनाकृतींतला ‘इष्टिकाचिती’ हा शब्द पाठ करताना आमच्या पिढीची जीभ वळायची नाही. त्यातली इष्टिका म्हणजे वीट आणि चिती म्हणजे विटांची रचलेली वेदी. काडेपेटीला हे नाव जड जातं खरं, पण विटेच्या आकाराला विटेचं नाव दिलंय, यात वावगं काही नाही. ‘केंद्र’ मात्र परदेशी पाहुणा. ग्रीक ‘केंट्रॉन’, म्हणजे टोचणारं टोक. कंपासचं टोक कागदात रुततं ती जागा. आणि ‘वाटोळं’ हे तर वर्तुळाचंच घरगुती रूप. चांगल्या गोल आकाराला आपण मराठी लोकांनी सत्यानाशाचा अर्थ का चिकटवला, हे मला अजून उमगलेलं नाही.

चौकट की चौरस हा मूळ प्रश्न बाजूला राहिला. त्याआधी दुसरा सोडवू : चौरस हा आयत आहे का? दहा जणांना विचारा, सात-आठ जण नाही म्हणतील. ग्रीक भूमितीकार युक्लिडही त्यांच्याच बाजूचा. त्याच्या व्याख्येत चौरस म्हणजे बाजू सारख्या आणि कोन काटकोन. आयत म्हणजे कोन काटकोन, पण बाजू सारख्या नकोत. दोघांची घरं वेगळी, मध्ये भिंत. आजचं गणित ही भिंत पाडतं. चारही कोन काटकोन असले की तो आयत, एवढीच अट. बाजू सारख्या निघाल्या तर तो चौरसही, पण आयतपण जात नाही. कडक भाकरी ही भाकरीच असते की! प्रत्येक भाकरी कडक नसते, एवढंच. फायदा असा, की आयताचे कर्ण सारखे असतात हे एकदा सिद्ध केलं की चौरसासाठी पुन्हा घाम गाळावा लागत नाही. याच न्यायानं चौरस हा समभुज चौकोनही आहे, कारण त्याची अट फक्त चार बाजू सारख्या असण्याची. भाचीची चौकट म्हणजे समभुज चौकोनच, त्यामुळे तिचं उत्तर अर्धं बरोबर होतं.

समभुज चौकोन बोटांना कळावा म्हणून मी तिला चौकडीचा सुती रुमाल दिला. त्यातली एक चौकडी नीट बघ म्हटलं. मग समोरासमोरचे दोन कोपरे धरून तिनं हलकेच ओढलं. रुमाल लांबला, मध्ये अरुंद झाला आणि प्रत्येक चौकडी शंकरपाळीसारखी झाली. धागे लांबलेले नव्हते. उभे धागे आडव्या धाग्यांवर कलले होते, म्हणून बाजू तेवढ्याच राहिल्या आणि कोन बदलले. आता तोच रुमाल कडेला समांतर, धाग्याच्या दिशेनं ओढ म्हटलं, तर तो फारसा हललाच नाही. शिंपी ज्याला उरेब, म्हणजे धाग्यांना तिरकं कापलेलं, कापड म्हणतात त्याची सगळी करामत एवढीच. ब्लाउजच्या गळ्याला उरेब पट्टी लावतात ती याचसाठी. तिथं चौकड्यांना शंकरपाळ्या व्हायची मुभा असते आणि पट्टी गळ्याच्या वळणावर न चुरगळता बसते.

यात एक खोच आहे. 10 सेंमी बाजूच्या चौरसाचं क्षेत्रफळ 100 चौरस सेंमी. तो कलत कलत त्याचा एक कोन 30 अंशांवर आला, तर क्षेत्रफळ 50 चौरस सेंमी, बरोबर निम्मं. परिमिती मात्र तेव्हाही 40 आणि आताही 40 सेंमी. नवी पेठेत रात्री दुकानदार चॅनल गेट ओढतात तेव्हा हेच चालू असतं. पट्ट्यांची लांबी तीच, समभुज चौकोन तेवढे उघडतात आणि मिटतात. त्रिकोणाला ही सोय नाही. तीन बाजूंची लांबी ठरली की तिन्ही कोन ठरले, हलायला वावच नाही. विजेचे मनोरे, रेल्वेचे लोखंडी पूल, पत्र्याच्या शेडच्या कैच्या त्रिकोणांनी भरलेल्या असतात ते म्हणूनच. हलणाऱ्या बाकाला सुतार एक तिरकी पट्टी ठोकतो, तेव्हा तो चौकोनाचे दोन त्रिकोण करत असतो.

चौकोनावर विश्वास ठेवून आम्ही एकदा फसलोय. मागची खोली बांधताना गवंड्यानं चारही भिंतींची लांबी मापून दाखवली. समोरासमोरच्या भिंती सारख्या, मीही मान डोलावली. फरशी बसवायची वेळ आली तेव्हा फरशीवाला दारातूनच म्हणाला, ‘‘खोली गुण्यात नाही.’’ म्हणजे कोपरे काटकोनात नाहीत. शेवटच्या रांगेत फरशीचा तुकडा एका टोकाला चार इंच बसला आणि दुसऱ्या टोकाला अडीच. समोरासमोरच्या बाजू सारख्या असणं आयताला पुरत नाही, समांतरभुज चौकोनाच्याही असतात. दोन्ही कर्ण मापून बघायला हवे होते, तेही सारखे निघाले असते तरच खोली काटकोनात. किंवा कोपऱ्यापासून एका भिंतीवर तीन फुटांवर आणि दुसरीवर चार फुटांवर खूण करायची. दोन खुणांमधलं अंतर पाच फूट भरलं की कोपरा गुण्यात. हे सगळं त्या फरशीवाल्यानंच मला सांगितलं. शाळेत मीही शिकलो होतो, पण टेप हातात घेऊन नाही. तेव्हापासून आमच्या खोलीत समलंब चौकोनांची एक अख्खी रांग आहे. प्रत्येक तुकड्याच्या दोन बाजू समांतर, भिंतीकडची तिसरी तिरकी. भाचीला त्यांची नावं शिकवायला तेवढी उपयोगी पडते.

चादरीचा विषय तातय्यांनी काढला. सोलापुरी चादरीवर मोर असतो, वेलबुट्टी असते, फुलांची चक्रं असतात. भाचीनं एका फुलावर बोट ठेवलं : ‘‘हे वर्तुळ.’’ तातय्या हसले. ‘‘चादरीत गोल काय नसतंय. डोळ्याजवळ धरून बघ.’’ तिनं नाकाला लावली. फुलाची कड म्हणजे जिना होता. दोन धागे आडवे, एक वर, पुन्हा दोन आडवे. कापडात दिशा दोनच, ताण्याची म्हणजे उभ्या धाग्यांची आणि बाण्याची म्हणजे आडव्या. तिसऱ्या दिशेला जायचं तर पायऱ्यांनीच जावं लागतं.

नक्षी विणणाऱ्या जेकॉर्ड यंत्राचं काम पूर्वीपासून असंच चालत आलंय. नक्षी आधी चौकटींच्या कागदावर उतरवायची. एक उभी रांग म्हणजे ताण्याचा एक धागा, एक आडवी रांग म्हणजे धोट्याची एक फेरी. मग त्यावरून पुठ्ठ्याच्या कार्डांना भोकं पाडायची. भोक असेल तिथला हूक वर जातो, धागा उचलला जातो आणि बाणा त्याच्या खालून निघतो. फ्रान्समधल्या जोसेफ मारी जॅकार्डनं हे यंत्र 1804 च्या सुमारास जमवलं आणि त्याचं आडनाव आपल्या पेठांमधून ‘जेकॉर्ड’ होऊन फिरतंय. मोबाइलच्या पडद्यावरचं वर्तुळही असंच, बारीक चौकटींच्या पायऱ्यांचं. पायऱ्या डोळ्याला दिसत नाहीत इतक्या लहान असतात, एवढाच फरक.

कागदावरचं वर्तुळ चादरीवर वर्तुळच उतरेल, असंही नाही. समजा इंचात ताण्याचे 48 धागे आहेत आणि बाण्याचे 40. साध्या चौकटीच्या कागदावर 48 बाय 48 घरांचा चौरस काढला, तर कापडावर तो एक इंच रुंद आणि सव्वा इंचाला जरा कमी, म्हणजे 1.2 इंच उंच होईल. चौरस गेला, आयत आला. त्याच्या आत काढलेलं वर्तुळ लंबवर्तुळ झालं. म्हणून नक्षीच्या कागदावरच्या चौकटी धाग्यांच्या हिशेबानं आखाव्या लागतात.

शेवटचा प्रश्न भाचीचा. सोलापुरातल्या ‘सात रस्ता’ चौकातून रिक्षानं येताना तिनं विचारलं, ‘‘सात रस्ते आहेत तर चौक कसा म्हणतात?’’ याला उत्तर नाही. पण नावाप्रमाणे सात रस्ते धरले आणि ते सारख्या अंतरावर ठेवायचे म्हटले, तर दोन रस्त्यांत 360 भागिले 7, म्हणजे साधारण 51.43 अंशांचा कोन येतो. भागाकार कधी संपत नाही. त्रिकोण, चौरस, पंचकोन, षटकोन हे चारही सुसम, म्हणजे सगळ्या बाजू आणि कोन सारखे असलेले, आकार नुसती बिनखुणांची पट्टी आणि कंपास घेऊन अचूक काढता येतात. सुसम सप्तकोन काढता येत नाही. जर्मन गणिती गाऊसनं 1796 मध्ये, वयाची एकोणीस वर्षं पूर्ण व्हायच्या आधी, 17 बाजूंचा सुसम बहुभुज असा काढता येतो हे दाखवून सगळ्यांना थक्क केलं. सात बाजूंचा मात्र कितीही डोकं लढवलं तरी निघणार नाही, हे फ्रेंच गणिती पिएर वान्त्सेलनं 1837 मध्ये सिद्ध केलं.

अचूक निघत नाही, जवळपास निघतो. घरी येऊन आम्ही 10 सेंमी त्रिज्येचं वर्तुळ काढलं. तेवढ्याच कंपासनं परिघावर सहा खुणा, एक सोडून एक जोडल्या की समभुज त्रिकोण. त्या त्रिकोणाच्या बाजूची निम्मी लांबी, सुमारे 8.66 सेंमी, कंपासमध्ये घ्यायची आणि तीच परिघावर सात वेळा टाकत जायची. भाचीनं जीभ ओठात धरून एकेक खूण टाकली. सातव्यांदा टाकलेली खूण सुरुवातीच्या खुणेच्या अगदी शेजारी येऊन थांबली, अलीकडे जेमतेम दीड मिलिमीटरवर. तिनं पेन्सिलला टोक केलं आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.