टाचेचं हाड वाढलंय, आणि सोरायसिसही आहे?

दादरच्या आमच्या एक्स-रे आणि रक्ततपासणी केंद्रात रिपोर्ट हातात पडला की बरेच जण विचारतात, "हाड वाढलंय म्हणे, मग दूध आणि कॅल्शियम बंद करू का?" नका करू. ते हाड जास्त कॅल्शियममुळे वाढत नाही.

टाचेला छोटा काटा धडधाकट माणसाच्या फिल्मवरही दिसतो. पण अंगावर किंवा डोक्यात सोरायसिस असेल, नखांवर बारीक खड्डे पडले असतील, हाताचं किंवा पायाचं एखादं बोट पूर्ण सुजलं असेल, तर तोच काटा वेगळ्या नजरेनं बघावा लागतो. सोरायसिसच्या साधारण पाचांतल्या एका रुग्णाला पुढे सांध्यांचा त्रास सुरू होतो, बहुतेकदा त्वचेच्या आजारानंतर काही वर्षांनी.

सांध्यांच्या या आजाराला सोरायटिक आर्थ्रायटिस म्हणतात. त्यात सूज विशेषतः कंडरा (स्नायूला हाडाशी बांधणारा दोर) हाडाला चिकटतो त्या जागी धरते. तिथे शरीर हळूहळू नवं हाड घालू लागतं, आणि त्याच वेळी सांध्याची कड कुरतडलीही जाते. एकाच बोटात हाड झिजतंय आणि भरतंयसुद्धा! आमवातात सहसा नुसती झीजच दिसते. म्हणूनच हा आजार ओळखण्यासाठीच्या 2006 च्या कॅस्पर निकषांत हाता-पायाच्या एक्स-रेवरच्या अशा नव्या हाडाला स्वतंत्र गुण आहे.

मात्र फिल्मवरचं हाड गेल्या काही वर्षांत तयार झालेलं असतं. आजार आज किती जोरात आहे, ते त्यावरून कळत नाही. त्यासाठी संधिवाततज्ज्ञ डॅप्सा नावाची बेरीज करतात: दुखरे सांधे, सुजलेले सांधे, वेदनेला आणि एकूण त्रासाला तुम्ही दिलेले दहापैकी गुण, आणि रक्तातलं सीआरपी, म्हणजे सूज असली की वाढणारं प्रथिन. बेरीज 4 किंवा कमी म्हणजे आजार शांत, 28 च्या वर म्हणजे जोरात. एक गोष्ट घरी हिशोब करणाऱ्यांसाठी: आमच्या रिपोर्टवर सीआरपी लिटरमागे मिलिग्रॅममध्ये असतं, डॅप्साला डेसिलिटरमागे लागतं. आमच्या आकड्याला 10 ने भागा, नाहीतर बेरीज उगाच फुगते.

सीआरपी नॉर्मल आलं म्हणून निर्धास्त राहू नका, ही आमची कळकळीची विनंती. सूज चालू असूनही ते नॉर्मल येतं, आणि अशा वेळी तुमचं सांगणं जास्त मोलाचं असतं. सकाळी अर्धा तास बोटं वळत नाहीत, लोकलचा दांडा धरवत नाही, स्टेशनच्या पुलावर चार पावलं चालल्यावर मात्र टाच मोकळी होते, हे सगळं डॉक्टरांना सांगा.

औषधांनी सूज वेळेत आटोक्यात आली तर सांधे वाचतात. तयार झालेलं हाड मात्र विरघळत नाही. तेव्हा "कमी झालं का" ते बघायला दर दोन महिन्यांनी एक्स-रे काढू नका, डॉक्टर सांगतील तेव्हाच या. येताना जुन्या फिल्म आणा, कितीही पिवळ्या पडल्या असल्या तरी. नव्या फिल्मशेजारी ठेवून त्या बघता येतात.