एकटं पिल्लू आणि जखमी पिल्लू: उचलण्याआधी फरक ओळखा

झाडाखाली पक्ष्याचं पिल्लू बसलेलं दिसतं. आई कुठेच नाही, पिल्लू उडत नाही, आपण जवळ गेलो तरी जागचं हलत नाही. बघणाऱ्याचा जीव कळवळतो आणि हात पुढे होतो. वन्यजीव बचाव केंद्रांत लोक अशी कित्येक पिल्लं घेऊन येतात, ज्यांना मुळात काहीच झालेलं नसतं. आईपासून त्यांची ताटातूट होते ती उचलून आणल्यामुळेच.

पक्ष्याचं पिल्लू असेल तर आधी पिसं पाहा. अंग उघडं किंवा पिसांचे नुसते कोंभ फुटलेले, पायांवर उभंही राहता येत नाही, असं पिल्लू घरट्यातून पडलेलं असतं. जखम नसेल, अंग ऊबदार असेल आणि घरट्यापर्यंत हात पोचत असेल, तर त्याला परत घरट्यात ठेवावं. माणसाचा हात लागला की पक्षीण पिल्लाला टाकते, हा समज खोटा आहे आणि या समजापायी फार पिल्लं हकनाक मरतात.

अंगभर पिसं, आखूड शेपटी आणि टुणटुण उड्या, असं असेल तर ते उडायला शिकणारं पिल्लू. अनेक जातींची पिल्लं नीट उडता येण्याआधीच घरटं सोडतात आणि काही दिवस जमिनीवर, झुडपांत काढतात. आईबाप त्यांना भरवत असतात, फक्त आपण तिथे उभे असेपर्यंत ते फिरकत नाहीत. मांजर-कुत्र्याची भीती असेल तर पिल्लू जवळच्या दाट झुडपात ठेवा आणि लांबून तास-दोन तास लक्ष ठेवा.

सस्तन प्राण्यांत तर फसगत आणखी सोपी. कितीतरी जातींच्या हरणी पाडसाला गवतात लपवून चरायला जातात. पाडस निपचित पडून राहतं, कारण हालचाल झाली नाही तर शिकाऱ्याची नजर जात नाही. उघड्या रानातली सशीण दिवसातून बहुधा एकदाच, दिवस मावळल्यावर, काही मिनिटं दूध पाजायला येते. बाकी सगळा वेळ पिल्लू एकटंच असतं, आणि सुखरूप असतं.

म्हणजे नुसतं एकटं असणं किंवा न हलणं ही जखमेची खूण नव्हे. पंख लोंबणं, मान कलणं, पाय टेकता न येणं, चोच उघडी ठेवून धापा टाकणं, रक्त, अंगावर घोंगावणाऱ्या माश्या किंवा त्यांची अंडी, थंडगार पडलेलं अंग, शेजारी मरून पडलेली आई: यातलं एक जरी दिसलं तरी मदत हवीच. मांजराच्या तोंडातून सुटलेलं पाखरू वरून धडधाकट दिसलं, तरी ते जखमीच धरा. मांजराचे दात सुईसारखे असतात, भोकं पिसांखाली झाकली जातात, आणि लाळेतले जिवाणू रक्तात भिनले की औषधाविना ते एक-दोन दिवसांतही दगावू शकतं.

लहान जखमी पक्ष्याला फडक्यात अलगद धरून भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात ठेवा, झाकण लावा आणि खोकं अंधाऱ्या, उबदार, शांत जागी ठेवून ताबडतोब वनखात्याला किंवा बचाव केंद्राला फोन करा. चोचीत पाणी घालू नका. पक्ष्याच्या श्वासनलिकेचं तोंड जिभेच्या मुळाशीच असतं, पाणी सरळ तिकडे उतरतं. दूधही नको, पक्ष्यांना ते पचत नाही. कुरवाळू तर मुळीच नका. रानातलं जनावर हातात गप्प बसलं की ते विसावलंय असं आपल्याला वाटतं, पण ते भीतीने गोठलेलं असतं आणि नुसत्या त्या धसक्यानेही मरू शकतं.

मोठा प्राणी, माकड, वटवाघूळ, साप किंवा शिकारी पक्षी असेल तर हात न लावता लांबूनच कळवा. सस्तन प्राणी चावला किंवा ओरखडला, तर जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा आणि रेबीजच्या लसीसाठी त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा.

फोनवर प्राणी कुठे सापडला ती नेमकी जागा सांगा, झाडासकट. बरं झालेलं पिल्लू शक्यतो तिथेच परत सोडतात, आणि आईबाप अजूनही त्याच झाडावर असू शकतात.