नव्या पिल्लाची पहिली ओळख नाकाशी

मांजराचं नवं पिल्लू घरी आलं की ते उचलून थेट जुन्या मांजरापुढे धरायचा मोह कुणालाही होतो. सगळं घर कौतुकाने भोवती जमतं. जुनं मांजर मात्र कान पाडून फिस्कारतं, शेपूट पिंजारतं आणि पलंगाखाली जाऊन बसतं. ‘सवतीमत्सर जागा झाला’ असा शेरा मारून आपण मोकळे होतो. हा शेरा मांजरावर अन्याय करणारा आहे असं मला वाटतं. आपल्या हद्दीत अनोळखी वासाचा प्राणी घुसलाय, एवढंच त्याला कळलेलं असतं आणि तेवढं त्याला घाबरवायला पुरतं.

घरच्या मांजराचा पूर्वज म्हणजे आफ्रिकी रानमांजर. सुमारे १०,००० वर्षांपूर्वी माणूस धान्य साठवू लागला, धान्याला उंदीर लागले आणि उंदरांमागे ही रानमांजरं वस्तीत आली. सायप्रस बेटावर सुमारे ९,५०० वर्षांपूर्वी पुरलेल्या एका माणसाच्या शेजारीच मांजराचा सांगाडा सापडला आहे. म्हणजे सोबत जुनी आहे, पण शिकारीची पद्धत बदललेली नाही. उंदीर हा एका पोटापुरता घास. तो वाटून खाता येत नाही, म्हणून मांजर एकट्याने शिकार करतं. लांडग्यांचं कळपावाचून अडतं, त्यामुळे भांडणानंतर मिटवून घेण्याच्या खाणाखुणा त्यांच्यात आणि कुत्र्यांत आहेत. मांजरांकडे त्या फारशा नाहीत. पहिल्याच भेटीत जुंपली तर बसलेली अढी महिनोन्महिने निघत नाही, ती यामुळे. ‘भांडू दे, आपोआप जमेल’ हा सल्ला मला म्हणूनच अजिबात मान्य नाही.

तरीही मांजरं एकत्र राहतच नाहीत असं नाही. खायला भरपूर असेल तिथे नात्यातल्या माद्या गटाने राहतात, एकमेकींच्या पिल्लांना दूधही पाजतात आणि परक्याला हुसकून लावतात. आपलं कोण, परकं कोण, हे ठरतं प्रामुख्याने वासावर. मांजराच्या गालांवर, हनुवटीवर, कपाळावर, शेपटीच्या मुळाशी आणि बोटांच्या मधे गंधग्रंथी असतात. डोकी घासून, एकमेकांना चाटून गटाचा एक सामाईक वास तयार होतो.

हा वास किती महत्त्वाचा, ते दोन मांजरं असलेल्या अनेक घरांनी अनुभवलेलं असतं. त्यातलं एक पशुवैद्याकडे जाऊन येतं, अंगाला औषधांचा वास घेऊन. आणि लहानपणापासून सोबत वाढलेलं दुसरं मांजर त्याच्यावरच गुरगुरू लागतं! डोळ्यांना सोबती दिसतोय, पण नाक परका म्हणतंय, आणि मांजर नाकाचं ऐकतं. पिल्लाच्या बाबतीत आपल्याला हीच गोष्ट उलट दिशेने वापरायची असते. नाकाला ते ओळखीचं झालं की मगच डोळ्यांची पाळी.

म्हणून पिल्लाला आधी स्वतंत्र खोली द्या. त्याचं अन्न, पाणी, लिटर ट्रे म्हणजे शी-शूचा ट्रे, लपायला एखादा खोका, सगळं तिथेच. दार बंद. आरोग्यासाठीही हे गरजेचं आहे. पिल्लाची तपासणी, लसीकरण, जंतांचं औषध, पिसवा आणि नायट्यावरचे उपचार, विषाणूंच्या चाचण्या हे सगळं एकत्र सोडण्याआधी उरकायला हवं. पॅनल्यूकोपेनियासारखा संसर्गजन्य विषाणूजन्य आजार पिल्लांचा जीव घेतो.

मग वासांची देवाणघेवाण सुरू करायची. मऊ फडकं पिल्लाच्या गालांवरून हलकेच फिरवा आणि जुन्या मांजराच्या वाटेत ठेवा. नाकाशी धरू नका, त्याच्या अंथरुणात तर मुळीच टाकू नका. आता बघत राहा. मांजर मान लांबवून फडक्याशी येतं, हुंगतं आणि कधी कधी वरचा ओठ किंचित उचलून, तोंड अर्धवट उघडं ठेवून क्षणभर थिजल्यासारखं थांबतं. किळस आल्यासारखा दिसणारा तो चेहरा खरं तर वाचनात गुंतलेला असतो. वरच्या पुढच्या दातांमागे टाळूत बारीक छिद्रं असतात. त्यातून वासाचे रेणू जेकबसन इंद्रिय या गंध टिपणाऱ्या खास अवयवाकडे जातात आणि समोरचा नर की मादी, ओळखीचा की उपरा, याचा छडा लागतो. मांजर फडक्यावर फिस्कारलं तरी बिघडत नाही. फडकं तिथेच राहू द्या. काही दिवसांनी ते त्याच्याकडे ढुंकूनही न बघता पुढे गेलं, की एक पायरी झाली.

पुढची पायरी म्हणजे बंद दाराच्या दोन्ही बाजूंना जेवण. वाट्या आधी दारापासून लांब ठेवायच्या आणि दोघं निवांत खाऊ लागले की हळूहळू जवळ आणायच्या. मग खोल्यांची अदलाबदल, मग जाळीतून दर्शन, मग समोरासमोर छोट्या भेटी. यात कुणाला काही दिवस लागतात, कुणाला कित्येक आठवडे. वेग जुन्या मांजराने ठरवायचा.

भेटीआधी पिल्लाला खेळवून दमवा. दोन ते सात आठवड्यांचं वय हा पिल्लांचा जगाशी ओळख करून घेण्याचा काळ. आई-भावंडांतून फार लवकर उचललेल्या पिल्लाला चावा किती जोरात घ्यायचा, हेही नीट कळत नाही. ते सरळ जाऊन शेपटीवर झडप घालतं. जुनं मांजर फिस्कारलं तर त्याला रागावू नका. ‘लांब राहा’ एवढंच ते सांगतंय, आणि पिल्लाने ते शिकायलाच हवं.

खेळ आणि भांडण यांत गल्लत होते. मांजरांच्या शंभराहून अधिक जोड्यांच्या चित्रफिती तपासून २०२३ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात आवाज न करता चाललेली कुस्ती खेळाशी जुळली. गुरगुर, किंकाळ्या आणि पाठलाग भांडणाशी. मला त्याहून जास्त काळजी वाटते ती शांत दादागिरीची. एक मांजर लिटर ट्रेच्या वाटेवर नुसतं बसून रोखून बघतं आणि दुसरं माघारी फिरतं. ना आवाज, ना ओरखडा, त्यामुळे घरात कुणाच्या लक्षातही येत नाही. म्हणून मांजरं जितकी, त्याहून एक ट्रे जास्त ठेवा आणि तेही वेगवेगळ्या ठिकाणी. पाण्या-अन्नाच्या जागाही वेगळ्या करा, उंचावर बसायला जागा द्या.

कुठल्याही टप्प्यावर बिनसलं तर मागच्या पायरीवर या, अगदी बंद दारापर्यंतसुद्धा. जुनं मांजर जेवेनासं झालं किंवा ट्रेबाहेर लघवी करू लागलं, तर त्याला हट्टीपणा समजू नका. ताणामुळे मांजरांच्या मूत्राशयाला सूज येऊ शकते. त्यातही बोका पुन्हा पुन्हा ट्रेमध्ये बसून कुंथत असेल आणि लघवी होत नसेल, तर मूत्रमार्ग तुंबलेला असू शकतो. अशा वेळी सकाळची वाट न पाहता त्याला लगेच डॉक्टरकडे न्या.