राहून गेलेलं प्रेम: मराठी रंगमंचावरची पार्श्वभूमी

पन्नाशीला टेकलेले दोघं, एक बैठकीची खोली आणि पंचवीस वर्षांपूर्वी विचारायचा राहून गेलेला एक प्रश्न. व्यावसायिक रंगभूमीवर हा मामला आता इतका रुळलाय की तिसऱ्या घंटेनंतर पडदा वर गेला, की प्रेक्षकाला अर्धी गोष्ट कळलेली असते. पण ही गोष्ट आपल्याकडे एवढ्या उशिरा का आली? संधी हुकायची तर आधी ती असावी लागते, आणि मराठी घरांत ती बराच काळ नव्हतीच.

‘संगीत शारदा’ १८९९ सालचं. नवरदेव पाऊणशे वयाचा, नवरी कोवळी पोर. योगायोग असा, की त्याच वर्षी मॉस्कोत रशियन नाटककार चेखॉवचं ‘अंकल वान्या’ रंगमंचावर आलं. त्यातला सत्तेचाळीस वर्षांचा वान्या हळहळतो, की दहा वर्षांपूर्वी, आज आपण जिच्या प्रेमात आहोत ती सतरा वर्षांची होती, तेव्हाच आपण मागणी का घातली नाही. आपल्या नाटककाराला असा वान्या सुचला असता तरी लिहिता आला नसता, कारण सतरा वर्षांची बिनलग्नाची मुलगी आणायची कुठून? १८९१ च्या कायद्याने मुलीचं संमतिवय, म्हणजे शरीरसंबंधासाठीचं किमान वय, दहावरून बारावर नेलं, तर केवढा गदारोळ झाला होता. पुरुषांची सोय वेगळी होती. बायको गेली की बिजवर, पुन्हा गेली की तिजवर. बोहला कायम मांडलेला. त्यामुळे त्याचं काही हुकत नव्हतं, आणि बाईच्या बाबतीत हुकण्याजोगं काही घडतच नव्हतं.

गंमत म्हणजे चाळिशीचा देह रंगमंचावर होताच. ज्या नटाच्या स्त्रीभूमिकांनी अख्खा महाराष्ट्र वेडावला, तो बालगंधर्व जन्मला १८८८ साली. चाळिशी उलटल्यावरही तो शालू नेसून नवयौवनांच्या भूमिकांत उभा राहत होता आणि लोक टाळ्या देत होते. वय देहाला चालत होतं, भूमिकेला चालत नव्हतं. १९३३ च्या ‘आंधळ्यांची शाळा’मध्ये स्त्रिया स्त्रीभूमिका करू लागल्या, तशी ही सवलत हळूहळू गेली.

आता अशा नाटकांना लावल्या जाणाऱ्या ‘प्रौढ’ या शब्दाकडे येऊ, कारण अर्धा घोळ त्याचाच आहे. ‘प्रौढ प्रेम’ म्हणजे नेमकं कोणाचं? स्त्रियांच्या वयाचे टप्पे सांगणारा एक जुना संस्कृत श्लोक आहे: सोळापर्यंत बाला, तिशीपर्यंत तरुणी, पंचावन्नपर्यंत प्रौढा, पुढे वृद्धा. हा हिशेब आजच्या नाटकांना चपखल बसतो. पण समाजसुधारकांच्या वादात ‘प्रौढविवाह’ हा शब्द आला तो बालविवाहाच्या विरुद्ध बाजूचा म्हणून. तिथली ‘प्रौढ’ वधू म्हणजे वयात आलेली मुलगी, चौदा-सोळाची. ती घरात राहिली की शेजारीपाजारी तिला ‘घोडनवरी’ म्हणत. १९२९ च्या शारदा कायद्याने मुलीची मर्यादा ठेवली चौदा आणि मुलाची अठरा. (त्या कायद्याचं नाव ते मांडणाऱ्या सदस्याच्या आडनावावरून पडलं. नाटकाशी त्याचा संबंध नाही, तरी ही गल्लत अजून होते.) पुढे १९७८ साली सरकारने प्रौढ शिक्षणाचा देशव्यापी कार्यक्रम काढला, तो पंधरा ते पस्तीस वयोगटासाठी. म्हणजे मिसरूड फुटणारा पोरगा साक्षरतेच्या वर्गात प्रौढ, आणि पन्नाशीचे गृहस्थ प्रेमात पडले की तेही प्रौढ! त्यातच चित्रपटांच्या पाट्यांनी ‘फक्त प्रौढांसाठी’ हे शब्द डोक्यात पक्के बसवले. त्यामुळे नाटकाच्या जाहिरातीत ‘प्रौढ प्रेमकथा’ असं छापायला निर्माता बिचकतो. सहकुटुंब येणारा प्रेक्षक परस्पर दुसरीकडे वळायचा.

पर्यायही फार धड नाहीत. ‘मध्यमवयीन’ सरकारी फॉर्मातला वाटतो. ‘उतारवय’ म्हटलं की आधाराची काठी दिसते. ‘पोक्त’ माणसाने सल्ला द्यावा, प्रेमात पडू नये, अशी अपेक्षा त्या शब्दातच आहे. राहता राहिली ‘चाळिशी’. ती मला सगळ्यांत आवडते, कारण मराठीत चाळिशी वय म्हणून लागते आणि नाकावर चष्मा म्हणूनही. जवळचं दिसेनासं झालं की लावायचं साधन ते. या नाटकांना एवढं नेमकं नाव असताना लोक ‘मॅच्युअर लव्हस्टोरी’ का म्हणतात, मला कळत नाही.

असो. संधी आली ती कॉलेज आणि कचेरीतून. शारदा कायद्यानंतर जन्मलेली, शिकलेली, नोकरीत पुरुषांशेजारच्या टेबलावर बसलेली पिढी साठच्या दशकात तिशी-चाळिशीत पोचली, आणि तेव्हा कुठे नाटककारांना वापरता येईल असा भूतकाळ तयार झाला. १९६१ च्या ‘प्रेमा तुझा रंग कसा’मध्ये तरुण मुलांच्या प्रेमप्रकरणांच्या शेजारी आईवडिलांचा संसारही तोलून पाहिला जातो, हसतखेळत. १९६७ चं ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ या यादीत सहसा कुणी घालत नाही. मी घालतो. तिथल्या लुटुपुटूच्या खटल्यात, एवढं वय होऊन ही बाई बिनलग्नाची राहिली कशी, असा प्रश्न सरळ साक्षीदाराला विचारला जातो, आणि मनात आणलं तर लग्न काय कुणाचंही होतं अशा थाटाचं उत्तर एक संसारी बाई देऊन मोकळी होते. हुकलेल्या प्रेमाची जबाबदारी समाज कोणाच्या गळ्यात घालतो, ते त्या चार वाक्यांत आहे. १९७० च्या ‘अशी पाखरे येती’मध्ये लग्न जमत नसलेल्या मुलीला एक पाहुणा तिचीच किंमत पटवून देतो आणि निघून जातो. नायिका तरुण आहे, पण पुढच्या चाळिशीच्या नाटकांचा साचा त्यातूनच निघाला असं माझं मत आहे: येणारा, जागं करणारा, न थांबणारा.

कायद्याचा आणखी एक हात लागला. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याने घटस्फोट दिला, पण परस्परसंमतीचं कलम आलं १९७६ साली. तोवर एकट्या नायिकेला दोनच वेश होते, विधवा किंवा भावंडांसाठी झिजलेली कुमारिका. दोघींनाही हळवं व्हायची मुभा, हट्ट धरायची नाही. घटस्फोटिता आली आणि संवादांना धार चढली.

पुढचा भाग बराचसा गणिताचा आहे. दोन-चार नटांचं, एका नेपथ्याचं दोन अंकी नाटक दौऱ्याला स्वस्त पडतं, आणि तिकीट काढणारा प्रेक्षक स्वतः त्याच वयाचा असतो. १९९२ साली मुंबईत ‘तुम्हारी अमृता’ हा हिंदुस्थानीतला एक प्रयोग आला. दोन नट टेबलाशी बसून आयुष्यभराची पत्रं वाचतात, बस. हालचाल नाही, प्रवेश-प्रस्थान नाही. त्या प्रयोगाला गर्दी झाली आणि राहून गेलेल्या प्रेमाला फार सामान लागत नाही, हे सगळ्यांनी पाहिलं. १९९८ च्या ‘एका लग्नाची गोष्ट’ची जोडी वीस वर्षांनी ‘पुढची गोष्ट’ घेऊन परतली, तेव्हा नटांचं वाढलेलं वय हेच आकर्षण होतं.

खरा वाद शेवटावर आहे: दोघांनी एकत्र यावं की नाही? प्रेक्षक हसत घरी जावा, म्हणून बहुतेक निर्मात्यांचा कौल ‘यावं’ असा. मग मोठी झालेली मुलगी आईचं लग्न जमवते, मुलगा आधी चिडतो, नंतर मिठी मारतो. हे जमवाजमवीचं प्रकरण मला पटत नाही. जे हुकलं ते पावणेदोन तासांत भरून निघत असेल तर हुकलं काय? या बाबतीत चेखॉवच्याच १९०४ च्या ‘द चेरी ऑर्चर्ड’च्या शेवटच्या अंकातला एक छोटा प्रवेश धडा म्हणून पुरेसा आहे. व्यापारी लोपाखिन वार्याला मागणी घालणार हे सगळ्यांना ठाऊक आहे. तीही आली आहे, सामानात काहीतरी शोधल्याचं दाखवते आहे. तो म्हणतो, थंडी शून्याखाली तीन अंशांवर गेली आहे. ती म्हणते, बघितलं नाही, आणि आमचा थर्मामीटर फुटलाय. पॉज. बाहेरून कुणीतरी त्याला हाक मारतं. तो जातो. ज्या दिग्दर्शकाला या पॉजमध्ये पार्श्वसंगीत घालावंसं वाटतं, त्याने फार्स करावेत.

हल्ली एक वेगळीच अडचण आहे. दहावीच्या वर्गाचा व्हॉट्सॲप ग्रुप निघाला की हरवलेलं माणूस दोन मिनिटांत सापडतं, डीपीसकट. चुकामूक घडवायची कशी? म्हणून बऱ्याच संहिता मागे, ऐंशी-नव्वदच्या दशकात सरकल्या आहेत, जिथे पत्र पोचत नाही, लँडलाइन वडील उचलतात आणि ट्रंक कॉल मधेच तुटतो. प्रॉपर्टी, म्हणजे रंगमंचावरच्या वस्तू, सांभाळणाऱ्याला त्यासाठी डायलचा काळा फोन जुन्या बाजारातून शोधून आणावा लागतो, आणि दर प्रयोगाआधी त्याची वायर विंगेत नीट लपली आहे ना, हे वाकून बघावं लागतं.