घरकुल ‘मंजूर’ आहे, पण उभं कुठवर राहिलंय? आदिम जमातींच्या वस्त्यांनी हिशेब कसा मागायचा

१५ नोव्हेंबर २०२३ ला झारखंडमधल्या खुंटीतून पीएम-जनमन योजना सुरू झाली. देशातल्या ७५ आदिम जमातींसाठी (आदिवासींमधले सर्वात मागे राहिलेले गट) ४ लाख ९० हजार घरकुलांचं उद्दिष्ट तेव्हा ठेवलं होतं. महाराष्ट्रातल्या तीन जमाती त्यात येतात: कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड. पण आपल्या वाडीत किती घरं झाली असं विचारलं की ‘मंजूर आहेत’ एवढ्यावर बोळवण होते. मंजुरी, पहिला हप्ता, जोतं, छत आणि पूर्ण झालेलं घर यांचे आकडे वेगवेगळे असतात. विचारायचे तेही वेगवेगळे.

आधी पैशाचं. घरासाठी २ लाख रुपये. शौचालयाचे १२ हजार आणि रोजगार हमीची मजुरी धरून हा खर्च २ लाख ३९ हजारांवर जातो. ही मजुरी मस्टर (मजुरांचं हजेरीपत्रक) निघालं तरच मिळते, म्हणून मस्टरची चौकशी काम सुरू होतानाच करा. पुढचे हप्ते बांधकामाच्या टप्प्याचा जिओटॅग फोटो, म्हणजे ठिकाणाची नोंद असलेला फोटो, संगणकावर चढल्यावर सुटतात.

लाभार्थी या तीनपैकी एका जमातीचा हवा आणि त्याचं पक्कं घर नसावं. ठाकूर, वारली, भिल्ल अशा इतर आदिवासी कुटुंबांसाठी राज्याची शबरी आदिवासी घरकुल योजना आहे. तिथे महाराष्ट्रात १५ वर्षांचं वास्तव्य आणि उत्पन्नाचा दाखला लागतो. चौकशी एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयात करावी.

कागदपत्रं: आधार, आधार जोडलेलं बँक खातं, रेशनकार्ड, जॉबकार्ड, जातीचा दाखला, जागेचा पुरावा. यातले शेवटचे दोनच खरे घाम काढतात. जातीच्या दाखल्यासाठी ६ सप्टेंबर १९५० पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा मागतात. जिथे आजोबाच शाळेत गेले नाहीत, तिथे कागद कुठून येणार? अशा वेळी प्रांत कार्यालयात गृहचौकशीची (घरी येऊन करायच्या चौकशीची) लेखी मागणी करा. एका कागदावर ‘काथोडी’ आणि दुसऱ्यावर ‘कातकरी’ असेल तर घाबरू नका. अनुसूचित जमातींच्या यादीत दोन्ही नावं एकाच नोंदीत आहेत.

जागेचं दुखणं त्याहून जुनं. रायगडातल्या कितीतरी कातकरीवाड्या खासगी मालकाच्या जमिनीवर आहेत. सातबारा दुसऱ्याचा, झोपडी आपली. अशांनी ग्रामसभेत गावठाणाच्या जागेची मागणी ठरावात घालून घ्यावी. जागा विकत घ्यायला पंडित दीनदयाळ उपाध्याय घरकुल जागा खरेदी योजनेतून अनुदान मिळतं, तेही विचारावं. आणखी एक: दिवाळीनंतर कुटुंबं वीटभट्टीवर जातात आणि सर्वेक्षणाला आलेल्याला झोपडी बंद दिसते. जाण्याआधी ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडे (पूर्वीचे ग्रामसेवक) नाव आणि फोन नंबर लेखी देऊन ठेवा.

आता मागोवा. घरकुलांची नोंद ठेवणाऱ्या आवाससॉफ्ट या सरकारी संकेतस्थळावर ‘रिपोर्ट’ उघडा. सामाजिक लेखापरीक्षणाच्या गटात लाभार्थी पडताळणीचा तक्ता आहे. राज्य, जिल्हा, तालुका, गाव, वर्ष आणि योजना निवडली की नावांची यादी येते. ती छापून घ्या आणि वाडीत घरोघर फिरा. कागदावर ‘पूर्ण’ असलेल्या घरावर प्लास्टिक दिसलं, तर त्या नावापुढे खूण करा.

ही खूण केलेली नावं घेऊन पंचायत समितीच्या जन माहिती अधिकाऱ्याकडे माहिती अधिकाराचा अर्ज टाका. शुल्क १० रुपये. दारिद्र्यरेषेखालचा पुरावा जोडला तर तेही माफ. विषय एकच ठेवा, मजकूर १५० शब्दांच्या आत. ‘योजनेची प्रगती सांगा’ असं मोघम लिहू नका, उत्तरही मोघमच येईल. असं लिहा: ‘अमुक गावातील पीएम-जनमन लाभार्थ्यांची मंजुरीची तारीख, प्रत्येक हप्त्याची तारीख व रक्कम, टप्पानिहाय जिओटॅग फोटो आणि मस्टर क्रमांक यांच्या प्रती द्याव्यात.’

३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा अर्धवट आलं, तर पुढच्या ३० दिवसांत त्याच कार्यालयातल्या प्रथम अपिलीय अधिकाऱ्याकडे २० रुपयांचा कोर्ट फी स्टँप लावून अपील करा. तिथेही दाद लागली नाही, तर ९० दिवसांत राज्य माहिती आयोग. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का आणि तारीख घेतल्याशिवाय टेबलावरून उठू नका, कारण उत्तराचे ३० दिवस त्याच तारखेपासून मोजायचे आहेत.